नोराकाकूंच्या वांझ मेंढ्या

प्रौढांच्या वर्गात आयर्लंडमधल्या गॉलवेचा मेंढपाळ कोल्म एका म्हाताऱ्या बाकसोबत्याशेजारी बसत असे. त्यालाच कोल्मने मान खाली घालून ही हकीकत सांगितली.

जुळ्या कोकरांच्या हव्यासाने त्याने जुळी देणाऱ्या कुळातलाच मेंढा त्याच कुळातल्या मेंढ्यांना लावला. त्यांच्या पोटी झालेल्या दोन माद्या शेजारच्या नोराकाकूंनी घेतल्या. त्या मेंढ्या कधीच गाभण राहिल्या नाहीत.

भरबाजारात कोल्म हसला होता, "काकू, तुमच्या हातालाच यश नाही!"

पुढे पशुवैद्यांनी त्या दोन मेंढ्यांचे रक्त तपासले. स्त्रीबीजाला वाढीचा निरोप देणारे जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच बदललेले आले तर जुळी होतात. दोन्हीकडून आले तर बीज पिकतच नाही. या दोघींना ते दोन्हीकडून आले होते.

कोल्म काकूंच्या घरी क्षमा मागायला गेला, पण त्याला मान वर करवेना.

काकू म्हणाल्या, "इथं नको. बाजारात त्याच लोकांसमोर सांग, माझ्या हाताचा दोष नव्हता."