तिच्या तासाला मी बसलो

गप्प बसणं मला जन्मात जमलं नाही. मी झोपेतही बोलतो, असं बायको म्हणते. हृदयाच्या ऑपरेशनसाठी तिला आत नेत होते, तेव्हा तिने मलाच बजावलं, "इथं थांबून तुम्ही नर्सचं डोकं खाल. आज चर्चमध्ये माझा आराधनेचा तास आहे, तो तुम्ही करा." डॉक्टर फक्त "बघू" म्हणाले होते.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, सोनेरी पात्रात वेदीवर ठेवतात. आमच्या श्रद्धेत तो साक्षात प्रभूच. त्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून आळीपाळीने कुणीतरी समोर बसतं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मी बसलो आणि मनात सौदे सुरू केले. तिला वाचव, चिडणं सोडतो. तिला वाचव, रोज मिस्साच्या प्रार्थनेला येतो. समोर सगळं शांत. त्या शांततेचा मला रागच आला. "अरे, काहीतरी बोल ना!" मी चक्क मोठ्याने म्हणालो.

तेवढ्यात हॉस्पिटलात थांबलेल्या मेहुणीचा मेसेज आला: लवकर या. पुढे काहीच नाही. फोन लावला तर उचलेना. माझ्यानंतरच्या बाई देवळाली कॅम्पहून यायच्या होत्या, त्यांना अजून अर्धा तास होता. फादर कुणा आजाऱ्याकडे गेलेले. मी दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. प्रभूला एकटं टाकून गेलो तर बायकोला काय तोंड दाखवू? आणि थांबलो तर ती भेटेल तरी का?

दारात सायखेड्याची फुलवाली उभी होती. वेदीसाठी गुलछडी आणायची, ओळख तेवढीच.

"काय झालं भाऊ? लय घाबरल्यासारखे दिसता."

मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिने चपला काढल्या, फुलं खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला.

"देवाला एकटं नाय ठेवायचं, एवढंच ना? मी बसते. जा तुम्ही."

"पण आमची प्रार्थना तुम्हाला..."

"बसायला काय लागतंय? जा!"

ती फरशीवर मांडी घालून बसली. वेदीकडे बघत, काही न मागता.

रिक्षात माझे सौदे संपले होते. देवा, आता तूच बघ, एवढंच उरलं होतं.

हॉस्पिटलात मेहुणी रडत होती. "रक्त थांबतच नव्हतं, दाजी. आत्ता थांबलं." डॉक्टरांची शर्थ होतीच. बाकी मी कुणाशी वाद घालत नाही. देवाचे आणि त्या माउलीचे उपकार मात्र मला फिटायचे नाहीत.

बायकोच्या तोंडातली नळी निघाल्यावर तिचा पहिला प्रश्न आला, "माझा तास?"

"अर्धा मी केला. अर्धा फुलवालीने."

ती थकल्या डोळ्यांनी हसली. "म्हणजे एकटं नाही ना सोडलंत त्याला?"

त्यानेही तुला सोडलं नाही, असं मला म्हणायचं होतं. पण तिचा हात हातात घेऊन मी नुसता बसून राहिलो.