रिबकाबाईंचं आकाशी दार

रंगाच्या डब्याच्या काठावर सुकलेले थर चढत जातात आणि एके दिवशी झाकणच बसेनासं होतं. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. रोह्याजवळच्या एका कंपनीत आम्ही तिघं पेंटर: मूळ गडबचा दत्तू मिस्त्री, हमरापूरचा जनू आणि मी. आठवडाभर टाक्या आणि पाइप, रविवारी लोकांची दारं-खिडक्या. आता तिघंही रिटायर. रोह्याशेजारच्या वरसे गावात दत्तूच्या ओटीवर बसलो की कुणीतरी म्हणतं, "आठवतं का रे?" आणि चहा थंड होतो.

*

कंपनीत पाइप ओळखायला रंग ठरलेले. पाण्याचा हिरवा, वाफेचा रुपेरी, आणि वर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण. दत्तूच्या हाताला त्याची इतकी सवय, की गडबच्या घरात नळाचा पाइपही त्याने हिरवा केला आणि वर पांढऱ्या ऑईल पेंटने झोकात बाण काढला. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. चार दिवस नळाला थेंब नव्हता.

"बाण काढलात ना? आता त्यातनं पाणी पण आणा!"

*

जनू आधी गणपती रंगवायचा. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी करायचे, ही त्याची जन्माची शिस्त. पेणला एका मास्तरांचं लोखंडी कपाट रंगवायला घेतलं होतं. मास्तर बाहेरून तीनदा ओरडले, "झालं का रे?"

"होत आलं, डोळे राहिलेत!"

मास्तर धावत आत आले. जनू कपाटाच्या दोन मुठींभोवती बारीक ब्रशने काळी रेघ ओढत होता. मास्तरांच्या बायकोला ती इतकी आवडली, की तिने पुसू दिली नाही.

*

रोह्याच्या रिबकाबाई म्हणजे नर्सबाई. अर्ध्या गावाने त्यांच्या हातचं इंजेक्शन घेतलेलं. आमच्याकडची मराठी ज्यू कुटुंबं बहुतेक इस्राएलला गेली, बाई मात्र राहिल्या. त्यांच्या दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक तिरकी डबी होती, आत त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं. येता-जाता बाई डबीला बोटं लावायच्या आणि ती ओठांना टेकवायच्या.

दत्तूने बजावलं होतं, डबीला रंग लावायचा नाही. पण जनूला राहवेना. देवाची वस्तू, ती अशी नुसती कशी सोडायची? त्याने तिला सोनेरी इनॅमल लावलं!

बाई बाजारातून आल्या. सवयीने बोटं डबीला, बोटं ओठांना. आत जाऊन आरशात पाहिलं आणि तशाच सोनेरी ओठांनी बाहेर आल्या.

"जनू, मला पण विसर्जनाला नेणार काय रे?"

*

बाईंचा एकुलता मुलगा शिमोन तरुणपणीच तिकडे गेलेला. 'यंदा येतो' असं त्याचं पत्र आलं की बाईंचा निरोप यायचा, "दार रंगवा. त्याला आकाशी आवडतो." आम्ही रविवारी जाऊन दोन हात मारायचो. मग शिमोनची सुट्टी रद्द व्हायची. पुढल्या वर्षी पुन्हा पत्र, पुन्हा आकाशी. जुना रंग बाई खरवडू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "राहू दे, तो पण त्याच्यासाठीच मारलेला हाय." शेवटी दार इतकं जाड झालं की चौकटीत बसेना.

दत्तू वैतागून म्हणाला, "बाई, आता एक तर पोराला आणा, नायतर रंधा!"

बाई खळखळून हसल्या. मग आत गेल्या, आणि त्या दिवशी चहा फार उशिरा आला. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण हसलो मीही होतो.

*

शिमोन आला एकदाचा, पण आईला घेऊन जायला. निघताना बाई दत्तूला म्हणाल्या, "मी परत येणार हाय. दर दिवाळीआधी दार रंगवत जा. आले आणि पोपडे दिसले तर बघ!"

दत्तूने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने टर्पेंटाइनवर ढकललं. डबा तर उघडलाही नव्हता!

*

दोन वर्षं आम्ही दार रंगवलं. तिसऱ्या वर्षी शिमोनने घर विकलं आणि आम्हाला निरोप धाडला, 'आईला सांगू नका.' नव्या मालकाने घर पाडलं. दार कुठे गेलं कोण जाणे. त्या रस्त्याने मी शक्यतो जात नाही. ते रविवार मला फार हवेसे वाटतात. रंगाचा तो वास, आणि आतून बाईंची हाक, "पायरीवर थेंब सांडले तर पुसा रे!"

*

परवा दिवाळीच्या तोंडावर ओटीवर दत्तूचा मोबाइल वाजला. शिमोनने आईला फोन लावून दिला होता. बाईंचा आवाज पार बारीक झालेला.

"दत्तू, दार रंगवलंस?"

दत्तूने आमच्याकडे पाहिलं. जनूने मान खाली घातली.

"व्हय बाई. आताच हात मारला."

"ओलं हाय अजून?"

"ओलं हाय."

"मग आता नको. वाळलं की येते मी."

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. "वाळलं का रे?"

दत्तू म्हणाला, "नाय बाई. दुसरा हात मारलाय."