तो धावणारा जवान म्हणजे नाना नाहीत

सकाळपासून ज्या चित्राला तुम्ही सगळे सॅल्यूट ठोकताय, ते नाना नाहीत.

तो मी आहे.

आमच्या एकलहऱ्याचे नाना, तोफखान्यातले रिटायर्ड हवालदार, आज पहाटे गेले.
रिटायर झाल्यावर लोक सिक्युरिटीला लागतात. नाना कॉमिक काढायला लागले. गोष्ट त्यांची, चित्रं त्यांची. नाशिकरोडला छापून आणायचे आणि शाळांच्या गेटवर विकायला पण स्वतःच उभे.

कव्हरवर रायफल घेऊन धावणारा जवान. ग्रुपवर कुणीतरी तोच 'तरुणपणीचे नाना' म्हणून टाकला.

मी मस्कतवरून पप्याला फोन केला. दहाव्याचा फ्लेक्स तोच बनवतोय.

"पप्या, तो मी हाय."
"गप ए! तू असा कधी पळाला?"

पळालो होतो. भरतीच्या ग्राउंडवरून. नंबर यायच्या आधीच, भिंतीवरून उडी मारून.

नानांना ते कळलं. घरी बोलावलं, हातात काठी दिली, समोर चित्र काढायला बसले.
"तिथं नाय थांबला ना? मग इथं थांब. ही रायफल समज. हालू नको."

मला तेही जमलं नाही. बूडच टेकत नाही माझं. चहा, तंबाखू, फोन... काहीतरी काढून सटकायचो.

नाना मागून ओरडायचे, "अरे तुझ्यापायी माझा एक जवान उभा राहीना! सगळे धावायला लावले मी!"

म्हणजे कव्हरवरचा जवान शत्रूवर धावत नाहीये. नानांच्या घरातून सटकायला दाराकडे धावतोय.
त्यांनी फक्त दाराच्या जागी डोंगर काढला.

आणि त्याच्याखाली तुम्ही लिहिलंय, 'असा वाघ पुन्हा होणे नाही.'
इथं मस्कतला कामगारांच्या कॅम्पात खाटेवर बसून वाचलं. मान वर करायची लाज वाटली.

नानांच्या घरी फोन लावून काकूंना विचारलं, नानांनी स्वतःला कुठं काढलंय का?

"काढलंय की. तोफेमागं बघ. कान झाकून उभाय तो. आवाजानंच कान गेले ना रे त्यांचे."

प्रत्येक कॉमिकमध्ये आहे तो. पाठमोरा.
मी दरवेळी पानं उलटून माझंच तोंड शोधलं. त्याच्याकडे कधी बघितलंच नाही.

पप्या, फ्लेक्सवर तो लाव. तोंड दिसत नाही म्हणू नको.
सगळे धावताना तो एकटा जागचा हालला नाही.

नाना, पोरं चहाला हाका मारतायत.
जात नाही. उभा आहे.

राम राम घ्या.