उभं राहायला शिकलेली घोडी

व्हाइटफील्डच्या पलीकडे, दोन अपार्टमेंट संकुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत घोडेस्वारीची एक शाळा आहे. मी तिथे रविवारी सकाळी शिकायला जात असे. शाळेचे मालक पुण्याचे, आयटीतली मोठी नोकरी सोडून या उद्योगात पडलेले. शिकवणारी बाई निपाणीकडची. तिला सगळे अक्का म्हणत, तिच्याहून वयाने मोठे विद्यार्थीसुद्धा. मालक आणि अक्का भांडत ते मराठीत, कारण या कानडी मुलखात ती कोणाला कळत नाही असा त्यांचा समज होता. मी मराठी आहे हे कळल्यावरही त्यांनी सवय बदलली नाही.

त्या वर्षी भांडणाचं कारण होतं शर्यतीतून निवृत्त होऊन आलेली एक तांबडी घोडी. कोणी रिकिबीत पाय घातला की ती सुटायची. दोघे पडले, एकाचं मनगट मोडलं. शेवटी मालकांनी निर्णय घेतला: महिनाअखेरपर्यंत घोडी नीट बसू द्यायला लागली नाही, तर वरातींना घोडे पुरवणाऱ्या एका माणसाला ती द्यायची. बँड, फटाके, गर्दी यांत या घोडीचं काय होईल, हे सगळ्यांना दिसत होतं.

"अक्का, ती डेंजरस आहे. मान्य करा ना," मालक म्हणाले.

"घोडी शहाणी हाय की ओ. बसणाऱ्यांचं हात शहाणं न्हाईत."

अक्काचं म्हणणं साधं होतं. शर्यतीच्या घोड्यावर जॉकी चढतो तेव्हा घोडा बहुतेकदा चालतच असतो. पुढे लगाम ताणला गेला की जोर लावायचा, हेच त्याला शिकवलेलं असतं. शाळेत नेमकं उलटं: लगाम ओढला की थांबायचं. नवा माणूस चढताना घाबरतो आणि लगाम घट्ट धरतो. घोडीच्या दृष्टीने तो निघण्याचा हुकूम. म्हणजे आम्ही जिला वाह्यात म्हणत होतो, ती दर वेळी सांगितलेलं ऐकत होती.

अक्काने सुरुवातीला खोगीर बाजूलाच ठेवलं. सैल दोरी हातात घेऊन ती घोडीबरोबर नुसती चालायची. अक्का थांबली की घोडीने थांबायचं. घोडी पुढे गेली, तर अक्का न बोलता वळायची आणि उलट दिशेला चालू लागायची. ओरडणं नाही, झटका नाही. काही दिवसांनी घोडीचा एक कान कायम अक्काकडे वळलेला दिसू लागला. मग चढायच्या ओट्यापाशी काम सुरू झालं. अक्का ओट्यावरून तिच्या पाठीवर अंगाचा भार टाकायची आणि खाली उतरायची. घोडी निघाली, तर तिच्यासोबत फेरी मारून परत ओट्यापाशी. मी एकदा गूळ पुढे केला. "नको," अक्का म्हणाली. "मग ती गुळासाठी थांबंल."

वरातवाला आला त्या सकाळी अक्का स्वतः घोडीवर चढून बसली. घोडी हलली नाही. मालकांना ते पुरेसं वाटलं नाही.

"तुमच्यासाठी ती उभी राहणारच. विद्यार्थ्यांचं काय? मी बसतो."

ते वजनदार गृहस्थ. ओट्यावरून चढले आणि सवयीने लगाम आखडला. घोडीची मान ताठ झाली, एक पाय पुढे पडला.

"हात सोडा," अक्का खालून म्हणाली.

"सोडला तर पळेल!"

"धरलाय म्हणून पळंल. हापिसात टीमला बी असंच आवळून धरत होता काय?"

मालकांनी हात सैल केला. घोडीने आणखी एक पाऊल टाकलं आणि ती थांबली. तेवढ्यात फाटकाबाहेर पाण्याच्या टँकरने जोरात हॉर्न दिला. घोडीची मान वर गेली, कान टवकारले. मालकांनी मात्र लगाम ओढला नाही. घोडीने अक्काकडे पाहिलं. अक्का जागची हलली नव्हती. तिने फक्त एक लांब श्वास सोडला. घोडीची मान हळूहळू खाली आली आणि ती काही चघळल्यासारखं तोंड हलवू लागली. घोडं निवांत झाल्याची ती खूण.

मालक खाली उतरले नाहीत. घोडी द्यायची नाही, हे त्यांनी वरातवाल्याला पाठीवरूनच हिंदीत सांगितलं आणि फुकट हेलपाटा पडल्याबद्दल माफी मागितली. तो कुरकुरत गेला.

"आता उतरू?" त्यांनी अक्काला विचारलं.

"बसा की स्वल्प. पाठीवर माणूस आला म्हणजे लगेच कुठं पळायचं नसतंय, हे कळू दे तिला."

मालक बसून राहिले. थोड्या वेळाने घोडीने मागचा एक पाय ढिला सोडला, खुराचं टोक मातीत टेकवलं आणि त्यांच्या वजनासकट ती विसावली.