चाकाखालचा दगड

उत्तमभाऊ गेल्याचं मला कोणी फोन करून कळवलं नाही. मी गाडीचं ऑइल बदलायला म्हणून चिखलीतल्या त्यांच्या गॅरेजवर गेले, तर शटर अर्धं खाली ओढलेलं आणि बाहेर चपलाच चपला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं माझी गाडी ओळखली, उठून खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाई, तुमाले कळलं नाही का? उत्तमभाऊ गेले ना पहाटे. छातीत दुखून राह्यलं म्हणे, अन् दवाखान्यात नेईपर्यंत..." मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता, तोही शेवटी बाजूनं निघून गेला. त्याला आता सात-आठ आठवडे झाले. रडायचं ते तेव्हा रडून झालं. पण मध्ये दसरा येऊन गेला, आणि दसऱ्यानंतर जे कळलं ते कळल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गाडी आमच्या ह्यांची. घेतली तेव्हाच जुनी होती, पांढरी, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसवलेला लोखंडी डबा. ब्रेक दाबला की आतले दोन वाकडे पट्टे फाकतात आणि डब्याला आतून धरतात, पाय काढला की सोडतात. जुन्या गाडीत कधीकधी सोडत नाहीत. हे सगळं मला उत्तमभाऊंनी शिकवलं, आणि मी जन्मभर मुलांना गणित शिकवलं असल्यामुळे मला वाटायचं, शिकवण्याची अक्कल आपल्यालाच आहे! बारा वर्षांपूर्वी हे गेले. त्यांनी मला गाडी नुकतीच शिकवली होती, अजून चौकात माझ्याकडून गाडी बंद पडत असे. धाकटे दीर महिन्याभरातच म्हणू लागले, "वहिनी, विकून टाकू. कोण चालवणार?" मी जवळजवळ हो म्हटलं होतं. ते ऐकून उत्तमभाऊ स्वतः घरी आले, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, साहेबाहिनं तुमाले गाडी शिकोली ते काय शोभेसाठी? ठेवा गाडी. मी हाओ ना." मी ठेवली.

त्यांची शिकवण एकच होती. गाडी कुठेही थांबली की उतरायचं आणि हात उलटा करून चारही चाकांजवळ न्यायचा, लेकराचा ताप बघतो तसा. "तळहात लावू नका, भाजते. उलट्या हाताले लवकर कळते. तीन चाकं थंडी अन् एक गरम, म्हंजे त्या चाकाचा ब्रेक सुटून नाही राह्यला." मला हसू यायचं. भर बाजारात एक प्रौढ शिक्षिका गाडीभोवती फिरून चाकांचा ताप बघते आहे, हे माझे विद्यार्थी टपरीवरून पाहत असत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खुसखुस चाले.

त्याच वर्षीचा दसरा. उत्तमभाऊ दरवर्षी दसऱ्याला गॅरेज बंद ठेवून घरच्यांसह नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. आमच्याकडे गाडीची पूजा हे करत असत, त्या वर्षी पहिल्यांदा मी केली. मनासारखी धुतली, चाकांवर पाइपनं पाणी मारलं, झेंडूचा हार घातला, चाकांपुढे रांगोळी काढली, आणि गाडी रांगोळीवर सरकू नये म्हणून हँडब्रेक कचकन ओढून ठेवला. पाच दिवस ती तशीच उभी होती. मग दिरांना घेऊन शेगावला दर्शनाला निघाले. गावाबाहेर पडेपर्यंतच गाडी जड वाटू लागली, नंतर जळका वास आला. दीर म्हणाले, "वहिनी, वळवा." तशीच हळूहळू गाडी गॅरेजवर आणली. उत्तमभाऊ आदल्या दिवशीच परतले होते. त्यांनी हात उलटा करून चाकं पाहिली. मागचं डावं चांगलंच तापलेलं.

त्याच चाकाचं काम त्यांनी मागच्या महिन्यात केलं होतं, तेल गळत होतं म्हणून आतली रबरं बदलली होती. मला ते आठवलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला! चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना म्हटलं, "हेच का तुमचं काम? महिनाभरही टिकलं नाही." शेजारून दीर म्हणाले, "मी सांगतच होतो, बाईमाणसाच्या हाती ही जुनी गाडी नको." उत्तमभाऊ जॅक घेऊन आले. त्यांनी चाक जॅकवर उचललं, फिरवून पाहिलं, फिरेना. चाकामागचा बारीक स्क्रू सैल केला, तेलाची धार आली, तरी चाक घट्टच. मग ते गाडीत वाकले, हँडब्रेकच्या दांड्याखाली पाना लावून काहीतरी केलं, आणि बाहेर येऊन चाकाला हात लावला तर ते फिरलं. त्यांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे, मग दिरांकडे... आणि म्हणाले, "बाईचं काही चुकलं नाही, साहेब. गाडीही चांगली हाये. माझंच काम कच्चं राह्यलं." दीर मेकॅनिक बदला म्हणाले, गाडी विका हे मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उत्तमभाऊ एक दगड घेऊन घरी आले. काळा, एका बाजूनं तासून सपाट केलेला, चाकाखाली नीट बसेल असा. "तुमचं अंगण उताराचं हाये, बाई. हँडब्रेक ओढून ठेवत नका जाऊ. गेर टाका अन् हा दगड लावा." आमच्या अंगणात सांडलेलं पाणी जागच्या जागी थांबतं, इतकं ते सपाट. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं आणि हसले. पण दगड लावत राहिले. आणि पुढची बारा वर्षं गाडी त्यांच्याकडे नेली की न चुकता म्हणत राहिले, "मागच्यासारखं नको हं, उत्तमभाऊ." ते मान हलवत म्हणायचे, "हाव बाई."

या दसऱ्याला ते नव्हते. माझं मन ठिकाणावर नव्हतं. रांगोळीच्या आड येतो म्हणून दगड बाजूला ठेवला, गाडी धुतली, आणि हात आपोआप हँडब्रेककडे गेला. चार दिवसांनी शांतावहिनींना, म्हणजे उत्तमभाऊंच्या पत्नीला, भेटायला डोणगावला निघाले. त्या तिथे लेकीकडे राहायला गेल्या आहेत. गाडी जड. जळका वास. उतरून हात उलटा केला... मागचं डावं चाक. मी परत फिरले. या गाडीच्या ब्रेकला दोन वर्षांत कोणी हात लावला नव्हता, मग चुकलं कोण? अंगणात दगड पुढच्या चाकाला लावला, गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक सोडलेला आहे हे दोनदा बघितलं, मागचं चाक जॅकवर उचललं. फिरेना. त्यांनी केलं होतं ते आठवून पाना घेतला आणि दांड्याखालून मागच्या चाकांच्या पट्ट्यांपर्यंत जाणाऱ्या केबलचं नट सैल केलं. चाक फिरलं. धुतलेल्या पाण्यानं ओली झालेली केबल ओढलेल्या जागीच गंजून अडकली होती, आणि दांडा खाली केला तरी तिनं पट्टे सोडले नव्हते. त्यांच्या रबरांचा यात काही संबंधच नव्हता, तेव्हाही नव्हता. रबरांमुळे तेल अडलं असतं, तर तेलाचा स्क्रू उघडताच चाक सुटलं असतं; तो उघडूनही चाक घट्ट राहिलं, तेव्हाच त्यांना ते कळलं होतं. बत्तीस वर्षं मुलांच्या वहीत लाल शाईनं चुका दाखवणारी मी, जॅकशेजारी फरशीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं डोणगावला गेले. शांतावहिनींना सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "मले मालूम हाये, बाई. त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं होतं त्याहिनं. मी म्हटलं, काऊन स्वतःवर घेतलं? त म्हणे, बाईचं चुकलं म्हटलं असतं त दिरानं गाडी विकून टाकली असती. अन् बाईनं मंग कधी स्टिअरिंगले हात नसता लावला."

"पण वहिनी, मी बारा वर्षं त्यांना टोचून बोलत आले..."

"ते हासत ना घरी येऊन," त्या म्हणाल्या आणि आता त्यांचे हात थांबले. "म्हणत, आज बाई रागावली मले. म्हंजे बाई अजून गाडी चालवून राह्यली."

मी त्यांच्यापुढच्या शेंगा सोलायला घेतल्या. माफी मागायला माणूस लागतं, आणि ते आता नाही.

गाडी अजून माझ्याकडे आहे. हँडब्रेक मी ओढून ठेवत नाही. सपाट अंगणात, उतार नसलेल्या जागी, तो काळा दगड चाकाशी असतो, आणि कुणी विचारलं तर मी सांगते, आमचं अंगण उताराचं आहे. कुठूनही आले की उतरून हात उलटा करते आणि चारही चाकं बघते. थंड असतात. मागच्या डाव्या चाकाशी मी जरा जास्त वेळ वाकते, आणि आजूबाजूला कोणी असलं तरी मोठ्यानं म्हणते, "उत्तमभाऊ, चूक माझी होती."