वकील करायचा की नाही?

चार मराठी माणसं दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये एका गाडीत बसली की गप्पा शेवटी चलानवरच येतात. आमची गाडी रोज गाझियाबादहून नोएडाला जाते. चालवणार भंडाऱ्याचे मेश्रामसाहेब, सरकारी नोकरीतले. मागे मी, तनुजा आणि तिचा नवरा प्रशांत. कुणाला कोर्टाची तारीख आली की ऑफिस येईपर्यंत एकच चर्चा: वकील करायचा, की आपणच जायचं?

तनुजा आपणच गेली. "स्पीड थोडा जास्त होता, यार. त्याला वकील कशाला?"

कोर्टात हात जोडून म्हणाली, "सर, मैं बिल्कुल सावकाश चला रही थी."

जज म्हणाले, "अवकाश पर थीं, तो गले में ऑफिस का कार्ड क्यों है?"

हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी, हे लक्षात येईपर्यंत तनुजाने दंड भरला होता. तेव्हापासून ती 'धीरे' म्हणते. घरीसुद्धा.

तिचं पाहून मी वकील केला. माझंही स्पीडचंच होतं. तेव्हा आई लातूरहून आली होती; कोर्ट बघायचंय म्हणून सोबत आली. वकीलसाहेब कळवळून बोलायला लागले, "हुजूर, इनकी माँ बहुत बीमार थीं, बिस्तर से उठ नहीं पाती थीं..."

मागून खणखणीत आवाज आला, "मला काय धाड भरलीय?"

जजनी आईला नीट न्याहाळलं. "दवा अच्छी लगी है," म्हणाले, आणि दंड लावला.

प्रशांतने वकील केला नाही, कायदाच वाचून काढला. चुकीच्या पार्किंगची केस. त्याने कलमं धडाधड म्हणून दाखवली. जजनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आज गाड़ी कहाँ खड़ी की है?"

प्रशांत "एक मिनट, सर" म्हणून बाहेर पळाला.

मग मेश्रामसाहेबांची पाळी आली. लाल सिग्नल तोडला म्हणून लायसन्स जप्त झालं होतं. मागे ॲम्ब्युलन्स अडकली होती, म्हणून त्यांनी गाडी पुढे काढली होती. लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं, तर आमची गाडी सोडाच, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सुधाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दवाखान्यात कोण नेणार? सगळ्यांनी आग्रह करून वकील करायला लावला.

वकील म्हणाले, "ॲम्ब्युलन्स वगैरह छोड़िए, सबूत माँगेंगे. बस इतना बोलिए, दुबारा नहीं होगा."

तारखेला आम्ही सगळे रजा काढून गेलो. गाडी प्रशांत चालवत होता; साहेब मागे बसून तेवढंच वाक्य घोकत होते. शेजारी सुधाताई गुडघा चोळत होत्या.

जजनी विचारलं, "कुछ कहना है?"

साहेबांनी एकदा मागे वळून सुधाताईंकडे पाहिलं.

"साहब, पीछे एम्बुलेंस थी," ते म्हणाले. "दुबारा होगा."

वकिलांनी डोळेच मिटले. जजनी समोरचं चलान बाजूला सारलं. मग लायसन्स उचलून पुढे केलं.

"होने दीजिए."