तारण कुणाकडे ठेवायचं

लाकडाच्या वखारीत मला एकदा विचारलं, "तारण काय ठेवणार?" आणि मी ताठ उभी राहून उत्तर दिलं, "आमचं तारण प्रभू येशू ख्रिस्त." वय सतरा, दोन वेण्या, आणि पुण्याच्या कॉलेजात नुकतीच घातलेली अक्कल, जी अजून मुरायची होती. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मराठीत तारण म्हणजे पापातून सुटका. उधारीपोटी अडकवून ठेवलेल्या वस्तूलाही तारणच म्हणतात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. गेल्या महिन्यात माझी एस्तेरआत्या वारली. दफनाच्या उपासनेत पाळकांनी गंभीर आवाजात "तारण" म्हटलं आणि पहिल्या बाकावर बसलेली मी, चार नातवंडांची आजी, फसकन हसले. सुनेने चिमटा काढला. मागच्यांना तो हुंदका वाटला असावा... वाटू दे.

पण पुढे एक गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले, एस्तेरबाईंनी नाशिककरांची आयुष्यभर पाव देऊन सेवा केली. तेव्हा मात्र हसू आलं नाही. आत्या सेवा करत नव्हती, धंदा करत होती. पाव चांगला करायची, दाम घ्यायची आणि त्याची तिला तिळभर लाज नव्हती. मेलेल्या माणसाला साधू करून टाकलं की त्याने कशासाठी भांडण केलं ते विसरायला सोपं जातं. मी विसरू देणार नाही.

गोष्ट तिसाच्या दशकातली. आत्या ऐन तिशीत विधवा झाली होती. नाशिकातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत घर मिशनचं, शाळा मिशनची, नोकरी मिशनची. आत्या मिशनच्या शिवणवर्गात काजं-बटणं करायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच, लग्नात बापाने दिलेलं शिवणयंत्र. पाव करायला ती मिशनच्या गोऱ्या साहेबांच्या स्वयंपाकघरात शिकली होती, आणि एके दिवशी तिने जाहीर केलं की आता मी माझी भट्टी घालणार. साहेब मनाने चांगला. तो म्हणाला, जरूर घाल, पण मिशनच्या नावावर. भाव कमिटी ठरवील, तुला पगार मिळेल. आत्याने त्याला चहा पाजला आणि नाही म्हणाली. शिवणवर्ग सुटला. वस्तीच्या कडेला एका ओळखीच्या म्हातारीची जागा भाड्याने घेऊन तिने भट्टी बांधली, आणि जळणासाठी आम्ही दोघी भद्रकालीत हुसेनभाईंच्या वखारीत गेलो. शिकलेली म्हणून बोलायला मला पुढे केलं होतं. हुसेनभाई म्हणाले, व्याज आम्ही घेत नाही, पण तारण लागेल. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ईसा पैगंबरांना आम्हीही मानतो, बेटी. पण लाकडाच्या बदल्यात त्यांना ठेवून कसं घेऊ?"

आत्याने शिवणयंत्र ठेवलं. त्याच्या लोखंडी पायावर हुसेनभाईंच्या माणसाने पिवळ्या रंगाची खूण मारली. भट्टी चालली नाही तर यंत्रही जाणार आणि मग मिशनच्या दारात हात पसरायला परत जावं लागणार, हे ती जाणून होती. मी नव्हते जाणून. मी पुण्याहून दोन पत्रकं वाचून आले होते आणि तिला ऐकवत होते की साऱ्या भट्ट्या सरकारच्या व्हायला हव्यात, म्हणजे कुणी कुणाला लुबाडणार नाही. ती मळता मळता म्हणाली, "आणि पहाटे पीठ मळायला कोण उठणार, सरकार?" मी म्हटलं, जनता. तिने परात माझ्याकडे सरकवली. कोपरापर्यंत पिठात बुडाल्यावर जनतेने त्या दिवसापुरतं भाषण आवरलं.

पाव खपू लागला. देवळालीच्या छावणीत जायचा, रेल्वेच्या लोकांत जायचा, आणि डॉक्टरांनी तापकऱ्याला दूध-पाव सांगितला की पंचवटीतली सोवळी घरंही मागच्या दाराने माणूस पाठवायची. आत्या त्यांनाही तोच भाव लावायची. मग एक दिवस कचेरीतला अंमलदार आला. म्हणाला, भट्टीला लायसन लागतं आणि ते एकट्या बाईमाणसाला मिळत नाही, जबाबदार संस्थेला मिळतं. मिशनचं नाव लावा. आत्याने त्याच्यापुढे तराजू ठेवला, पिठाचं पोतं उघडून दाखवलं. "काटा तपासा, पिठात आळ्या आहेत का बघा. मी कुणाला फसवलं तर धरून न्या. ते तुमचं काम. भट्टी कुणाच्या नावावर, हे तुमचं काम नव्हे. असा कायदा आहे का?"

तो म्हणाला, कायदा नाही, पद्धत आहे.

"मग पद्धत बदला," आत्या म्हणाली.

त्याने भट्टीला सील ठोकलं. संध्याकाळी साहेब आला. खरंच कळवळून आला होता. एक सही कर, उद्या सील निघेल, मी तुला कधी त्रास देईन का, असं विचारत होता. मी आत्याला कोपराने ढोसत होते की कर एकदाची. ती म्हणाली, "तुम्ही नाही देणार, साहेब. पण तुमच्या खुर्चीत उद्या कोण बसेल ते तुम्हाला तरी माहीत आहे का?" मग तिने त्यालाच बायबलातली ती गोष्ट ऐकवली: लोकांनी राजा मागितला आणि म्हाताऱ्या संदेष्ट्याने बजावलं की तो तुमच्याच पोरींना आपल्या भटारखान्यात राबवील. साहेबाने यावर कितीतरी प्रवचनं दिली असतील... उलट ऐकायची वेळ पहिलीच. तो टोपी घालून परत गेला. पुढे कचेरीला तिच्या बाजूने चिठ्ठी लिहिली ती त्यानेच. आत्याने मागितली नव्हती.

तरी कित्येक आठवडे भट्टी थंड होती. वस्तीत बायका म्हणायच्या, एस्तेरला माज आलाय. आत्या रोज लुगडं नीट नेसून कचेरीच्या पायरीवर जाऊन बसायची. हुसेनभाईंची मुदत टळली तेव्हा ते स्वतः आले. मला वाटलं, यंत्र गेलं. ते थंड भट्टीत डोकावले आणि म्हणाले, "मला शिवता येत नाही, बाई. तुम्हाला भाजता येतं. थांबतो मी." शेवटी लायसन आलं, तिच्या एकटीच्या नावाने. पुढल्या वर्षी यंत्र सुटून घरी आलं.

आता ते माझ्या खोलीत आहे. पायावरची पिवळी खूण आत्याने कधी खरवडू दिली नाही, मीही देत नाही. नातू म्हणतो, आजी, रंग काढून नवा देऊ का. हाच नातू रस्त्यातल्या खड्ड्यापासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं सरकारने बघावं म्हणतो. मी त्याला परात देते. आणि यंत्रावर बसले की वखारीतून परततानाची ती वाट आठवते. मी लाजेने रडत होते, आत्या हसून हसून डोळे पुसत होती. मी म्हटलं, हसू नकोस, किती चुकीचं बोलले मी. तेव्हा ती रस्त्यातच थांबली.

"चुकीचं कुठे बोललीस? फक्त ते गहाण टाकायचं नसतं, कुमे. वखारीत नाही, मिशनात नाही, सरकारात तर नाहीच. गहाण टाकायला यंत्र आहे की."